कासिल्दाबाईंचा संडास

आमच्या तोलेदो गावात घराखाली कुदळ मारायला छाती लागते. रोमन अवशेष निघाले तर सहा महिने सरकारी हुकमाने काम बंद, अरब निघाले तर दोन वर्षं, आणि दोघं एकावर एक निघाले तर घरमालकाने सरळ मृत्युपत्र करून टाकावं. म्हणून आम्हा गवंड्यांचा धर्म एकच: काही दिसलं की वर माती ओढायची, फरशी बसवायची आणि तोंड बंद ठेवायचं.

कासिल्दाबाई एक्याऐंशीच्या. जन्म त्याच घरातला, संडास मात्र दुसऱ्या मजल्यावर, आणि गुडघे कामातून गेलेले. मुलगी म्हणायची, "आई, नदीपलीकडे माझ्याकडे ये. लिफ्ट आहे."

"मग? लिफ्टमध्ये राहू?"

खाली संडास झाला तर घर राहणार, नाहीतर नदीपलीकडे रवानगी. मला म्हणाल्या, "एलादियो, हिवाळ्याच्या आत कर बाबा. याच घरात मरायचंय मला, पण जिन्यात नाही."

अंगणातल्या जिन्याखाली खणलं. हातभर खाली दगडी फरशी लागली, विटांचा पाट, मध्ये लांबट फट. मी मुकाट्याने फावडं उचललं.

"थांब," बाई म्हणाल्या. "काय सुबक आहे रे."

"सुबक आहे म्हणूनच झाकतोय."

"कॉर्पस होऊ दे. मग झाक."

कॉर्पसच्या सणाला आमच्याकडे अंगणं सगळ्या गावाला उघडी असतात. कुंड्या, दिवे, सगळी देवाची भक्ती. शेजारणीची जिरते हा निव्वळ योगायोग. समोरच्या लेओकादियाबाईंकडे एक अरबी खांब आहे, आणि चाळीस वर्षं त्या तो कासिल्दाबाईंच्या नाकावर मिरवतायत.

मी परोपरीने सांगितलं. पण बाईंनी खड्डा घासूनपुसून लख्ख केला, कडेने कुंड्या मांडल्या, वर दिवा लावला. लेओकादियाबाई आल्या, वाकल्या, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्यामागून आलेल्या चष्मेवाल्या मुलीने तर चक्क गुडघे टेकले. बाई खूश. "बघ पोरी, नीट बघ. घरचंच आहे."

पोरगी पुरातत्त्व कचेरीतली निघाली. सोमवारी काम बंद.

त्याच हिवाळ्यात बाई जिन्यात पडल्या आणि मुलीने त्यांना उचलून नदीपलीकडे नेलं. मला बाईंचा राग येतो. त्याहून जास्त माझा येतो, कारण फावडं माझ्या हातात होतं.

यंदा दाराला पाटी लागली. घर आता 'बघण्याजोगं' आहे, बुधवारी आणि शनिवारी. उद्घाटनाला बाईंना खुर्ची दिली, पहिल्या रांगेत. पुरातत्त्व कचेरीतले साहेब खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अकराव्या शतकातलं. इतकं उत्तम जपलेलं आजवर माझ्या पाहण्यात नाही."

"पण आहे काय ते?" बाईंनी विचारलं.

साहेब खाकरले. "शौचकूप, बाई. घरच्यांची सोय तळमजल्यावरच केलेली होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्या फटीकडे पाहिलं. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "एलादियो, मला वर ने. लागलीय."

"वर जाता येणार नाही," साहेब अदबीने म्हणाले. "जिना धोकादायक ठरलाय."

मग मी त्यांना समोर लेओकादियाबाईंकडे घेऊन गेलो. त्यांचा संडास खालीच आहे, खांबाच्या मागे.