केनियाला निघण्याआधीचा उन्हाळा

पशुवैद्यकीची इंटर्नशिप चालू असताना केनियातल्या एका शिबिरासाठी माझी निवड झाली. रानातलं जनावर बेशुद्ध कसं करायचं, तपासायचं कसं, एका जागेहून दुसऱ्या जागी जिवंत कसं न्यायचं, हे विद्यार्थ्यांना तिथं शिकवत. निवडीचं कळलं तेव्हा मी मस्तगड मोहल्ल्यातल्या आमच्या घरी होते. अम्मीनं शेजारीपाजारी साखर वाटली. अब्बांनी शिलाईचं मशीन थांबवलं, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "म्हणजे आता शेर-बबर तुझ्या हाताखाली." सगळ्या तयारीत पोटभर हसलो ते त्याच दिवशी. पुढं नुसती दगदग होती.

घरी आम्ही उर्दू बोलतो. त्या दिवसांतलं बोलणं आता मराठीत लिहिताना त्यातला थकवा थोडा कमी वाटतो की काय, असं मला वाटत राहतं. पण थकलो होतो सगळेच. उन्हाळा होता, नळाला पाणी आठवडा उलटून गेला तरी यायचं नाही आणि आलं की अम्मीला सगळं सोडून हंडे-बादल्या भरत बसावं लागायचं. लग्नसराई असल्यानं अब्बांच्या दुकानात ब्लाउजांचे आणि शेरवान्यांचे ढीग. मी रोज सकाळी पॅसेंजरनं बदनापूरकडं जायची. तिथून जीपनं पुढच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात. संध्याकाळी परत आले की अंगाला औषधाचा आणि शेणाचा वास असायचा आणि अम्मी म्हणायची, "आधी आंघोळ, मग बात."

पिवळ्या तापाची लस घ्यायला मुंबईला जावं लागलं. अब्बा दुकान बंद ठेवून सोबत आले. तिथं पोचलो तर लस संपलेली, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. बाहेर येऊन चहा प्यायलो आणि परतीच्या गाडीत बसलो. अब्बा बसल्या जागी झोपले, मान एकदा खिडकीकडं, एकदा माझ्या खांद्यावर. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रवास. या वेळी सुई मिळाली, पण येताना अंगात ताप भरला. त्याआधी रेबीजच्या सुया झाल्याच होत्या. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम हसून म्हणाल्या, "अगं, जनावरांपेक्षा तुलाच जास्त टोचून राह्यलेत."

मग कपडे. शिबिरवाल्यांनी कळवलं होतं की निळे आणि काळे कपडे आणू नका, तिथल्या चावऱ्या माश्या त्या रंगांवर येतात. पांढरेही नकोत, जनावरं लांबून बघून बिचकतात. खाकी किंवा मातकट, पूर्ण बाह्यांचे हवेत. माझे निम्मे कपडे निळे. अब्बा म्हणाले, "विकत कशाला? मी कशाला बसलोय मशीनवर?" मला घेऊन बाजारात गेले आणि खाकी कापड फाडायला सांगितलं.

दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काय मास्टर, पोरगी पोलिसात लागली वाटतं?"

"न्हाई हो. जनावरांच्या डॉक्टरीला परदेशात चालली."

"तर मंग खाकी कशाला?"

"तिथल्या जनावरांना हाच रंग पसंत आहे," अब्बा गंभीरपणे म्हणाले आणि कापडाची घडी काखेत मारली.

लग्नाची कामं उरकल्यावर ते माझे कपडे शिवायला घ्यायचे. माप घेताना टेप कमरेभोवती धरून थांबले. "बारीक झालीस तू," म्हणाले. मी म्हटलं, ऊन आहे, म्हणून. त्यांनी ऐकलं, पण माप सैल धरलं आणि शिलाईत आत दाबायला कापडही जास्तीचं सोडलं. वाकायचं, बसायचं काम आहे, कपडा ढिलाच बरा, एवढंच बोलले. त्यांचे डोळे तेव्हा दुखायला लागले होते. सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारायचे, आणि मी कधी कधी चिडून उठायची.

निघायला थोडे दिवस उरले असताना दवाखान्यात फोन आला. जवळच्या एका गावात विहिरीत रोही पडली होती. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडं तिला रोहीच म्हणतात आणि शिवी दिल्याशिवाय बहुतेक जण तिचं नाव घेत नाहीत, कारण उभं पीक तुडवून खाते. मॅडम आणि मी गेलो. कठडा नसलेली विहीर, तळाला गुडघाभर पाणी, त्यात एक मादी. एका कडेहून दुसऱ्या कडेला धडका देत होती. वरती अख्खं गाव. पोरं शिट्ट्या मारत होती, मोबाइल धरून लोक काठावर वाकले होते.

वन विभागाची माणसं दोर आणि पट्टे घेऊन आली. बेशुद्ध करायचं औषध लांबून मारायची बंदूक त्यांच्याकडं नव्हती, आमच्याकडंही नव्हती. त्यातल्या एकानं मॅडमना विचारलं, "खाली उतरून हातानं सुई देता येईल का?"

"पाण्यात झोपवली तर बुडून मरंल ती," मॅडम म्हणाल्या. "तसंच काढा. पण लोकांना मागं हटवा. गलबल्यानंच जीव जाईल तिचा."

लोक चार पावलं मागं व्हायचे, पुन्हा पुढं यायचे. मी हात जोडले, ओरडले. माझ्याच ओरडण्यानं ती खाली आणखी बिथरली तेव्हा गप्प झाले. दोघं जण खाली उतरले, तिच्या पोटाखालून पट्टे घेतले, गावातल्या जेसीबीनं तिला हळूहळू वर ओढली. वर येताच मी ओढणी तिच्या डोळ्यांवर बांधली. तिचं अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि पायांचं कापणं थांबत नव्हतं. मॅडमनी सलाइन लावलं, मी अंगावर पाणी ओतत राहिले. सलाइन काढून पट्टे आणि ओढणी सोडल्यावर ती उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोडी चालली आणि बांधाजवळ बसली, ती पुन्हा उठेना.

शिबिरवाल्यांनी वाचायला पाठवलेल्या पानांत हेच होतं. धरपकडीच्या भीतीनं आणि धडपडीनं जनावराचे स्नायू आतल्या आत जळतात. ते वरून दिसत नाही. सुटलं, वाचलं असं वाटतं, आणि नंतर ते मरतं. मी ते पान दोनदा वाचलं होतं. विहिरीच्या काठावर त्याचा उपयोग एवढाच झाला की पुढं काय होणार ते मला इतरांच्या आधी कळलं.

गर्दी पांगली. ज्यांची विहीर होती ते शेतकरी तेवढे थांबले, वयानं अब्बांएवढे. त्यांनी बाभळीला आणि दोन काठ्यांना गोधडी बांधून तिच्यावर सावली केली. घमेल्यात पाणी आणून तोंडाशी ठेवलं. तिनं तोंड लावलं नाही.

"मामा, तुमचं पीक खाल्लं असंल हिनं," मी म्हटलं.

"खाल्लं ना. हरभरा पुरा झोपविल्ता," ते म्हणाले. "शिव्या देतोच की आपण. पण असं मरावं म्हणून न्हाई देत."

दुपार कलताना तिची मान मागं वळली आणि ती मेली. वन विभागाच्या माणसांनी पंचनामा केला. मॅडमनी पिशवी आवरली. परतताना जीपमध्ये म्हणाल्या, "माझी ही चौथी का पाचवी. एकच वाचली आजपर्यंत. तू शिकून ये."

मला राग आला. त्यांचा नाही, पण आला. घरी आल्यावर बॅगेत कपडे भरणाऱ्या अम्मीला म्हटलं, राहू दे, मी जात नाही. तिनं अब्बांना हाक मारली. ते दुकानातून वर आले, गळ्यात टेप तसाच.

"काय झालं?"

मी सांगितलं. म्हटलं, तिथं बंदुका आहेत, औषधं आहेत, हेलिकॉप्टर आहे. परत आल्यावर माझ्या हातात काय असणार? ओढणी आणि बादली. मग एवढी धावपळ कशासाठी? तुम्ही डोळे फोडून शिवताय, अम्मी रोज वाट बघते, मला रोज ताप आल्यासारखं वाटतं.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "एक सांग बेटा. जायचं मन न्हाई, का अंगात ताकद न्हाई?"

मी बॅगेतला खाकी शर्ट काढून पुन्हा घडी घालायला लागले.

"मन नसंल तर बिलकुल जाऊ नको. मी उद्याच बॅग रिकामी करतो. पण नुसती थकली असशील, तर थकलेलो आपण सगळेच आहोत. थकलेल्या माणसानं असा फैसला करू नये." एवढं बोलून ते खाली गेले. गिऱ्हाईक थांबलं होतं.

अम्मीनं भाकरी आणि आंबट वरण वाढलं. मी जेवले. सकाळी कोणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. पॅसेंजर पकडून दवाखान्यात गेले. माझं जाणं ठरलं ते असं. कोणाला उत्साह नव्हता, कोणी हट्ट केला नाही, बॅग तेवढी रिकामी झाली नाही.

केनियात पोचल्यावर पहिले दोन दिवस मी माणसांत नव्हते. बरोबरचे विद्यार्थी हत्ती बघून येऊन बोलायचे आणि मी ऐकता ऐकता पेंगायची. तिसऱ्या दिवशी सकाळी एक झेब्रा बेशुद्ध केला. मला काम दिलं ते डोळ्यांवर पट्टी बांधायचं, कानांत कापसाचे बोळे घालायचे आणि श्वासावर लक्ष ठेवायचं. भोवती आठ-दहा माणसं होती, पण आवाज नव्हता. लागलं तर हातानं खुणा करायचे. गाड्यासुद्धा लांब उभ्या. मला वाटलं होतं की हेवा वाटेल, रडू येईल. तसलं काही झालं नाही. मी मनाशी मोजत होते की यातलं फुकटचं काय काय आहे. पट्टी, कापूस, पाणी, आणि गप्प बसणं. सगळ्यांत अवघड शेवटचंच.

जेवताना तिथल्या शिक्षकाला मी रोहीची हकिकत सांगितली. मोडक्या इंग्रजीत सांगितली, तरी तो मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, आमचीही मरतात, बंदूक असूनही मरतात. पाहुण्यांना ती दाखवत नाही, एवढंच. मग त्यानं विचारलं की लोकांना मागं हटवायला तुमच्याकडं कोण असतं? मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, मग तिथून सुरू कर.

ते ऐकून मला हुरूप आला असं नाही. मोठं काम आहे आणि ते आपल्याच अंगावर पडणार आहे, एवढं कळलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, औषधाची सुई लागून दुसरं जनावर खाली बसलं होतं. मी ताट सारलं, औषधाची पेटी उचलली आणि गाडीत मागं जाऊन बसले.