वहीतला प्रश्न

दर शुक्रवारी रियाधमध्ये आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांच्या फ्लॅटवर पडदे ओढून आम्ही वसईचे काही कॅथलिक बायबल वाचायचो. ते माझ्याच ऑफिसात क्लार्क होते. उतारा तेच वाचायचे, दबक्या आवाजात. कुणी अर्थ विचारला, की प्रश्न वहीत लिहून घ्यायचे.

"आपल्या मनाने अर्थ लावायचा नाय. चर्चची शिकवण बघावी लागते. सुट्टीत गावी गेलो की फादरांना विचारीन."

आणि खरंच उत्तरं घेऊन यायचे.

परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं घेण्याच्या सौदीकरणात त्यांची नोकरी गेली. शेवटच्या शुक्रवारी उतारा निघाला तो उद्याची चिंता न करण्याचा. "हे जमायचं कसं?" कुणीतरी विचारलं. सवयीने त्यांनी प्रश्न लिहिला, मग वही माझ्या हातात दिली.

"मी काय आता परत येत नाय. उत्तर तुम्ही आणा."

मी हो म्हणालो. ऑफिसातल्या कपातीच्या पुढच्या यादीत माझं नाव होतं, ते सांगायचा धीर झाला नाही.