गुलमर्गचा कोट

आमच्या शेजारचे कारकून दोस्तांबरोबर एकदाच गुलमर्गला जाऊन आले, आणि पुढं कैक वर्षं आम्ही तो बर्फ ऐकत राहिलो. भर उन्हाळ्यात ओट्यावर उघड्या अंगानं बसायचे आणि मधेच उठून गुडघे वाकवून दाखवायचे. "पायाला लांब फळ्या बांधायच्या आन् उतारावर अंग सोडून द्यायचं. बर्फ लई भुसभुशीत, पिठागत!" म्हटलं की मांडीवर थाप. तिकडून आणलेल्या लोकरी कोटाला ते दरवर्षी ऊन दाखवायचे, पण कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

बायकोला का नेलं नाही, याचं उत्तर ठरलेलं होतं. "तिला थंडी सोसत न्हाई की."

पापड लाटताना ती मला एकदा म्हणाली, "मी सोलापूर सोडून कुटं गेलेच न्हाई. मग ह्यांना कळलं कसं गं?"

एका मे महिन्यात ती गेली. मुलाला तार केली होती. तो कलकत्त्याहून येईपर्यंत तिला बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. कारकुनांनी आतून कोट आणला आणि तिच्या अंगावर पसरला. "थंडी सोसत न्हाई तिला."

जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी नाही लावला.