जहीरभाईंचा कॉलर माईक

रिक्षावर भोंगा लावून दुकानांची जाहिरात करणारे जहीरभाई अख्ख्या अकोल्याच्या ओळखीचे होते. पण लागोपाठ दोन वर्षं कापूस बुडाला, दुकानांत गिऱ्हाईक फिरकेना, आणि दुकानदारांनी रिक्षा फिरवणं बंद केलं. मग जहीरभाईंनी घरीच मुलीच्या लॅपटॉपवर जाहिराती रेकॉर्ड करून स्वस्तात द्यायचं ठरवलं. लॅपटॉपमधून मात्र त्यांचा भारदस्त आवाज डब्यात कोंडल्यासारखा यायचा.

कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवरच्या आकांक्षानं आधी हातात धरायचा माईक दिला. जहीरभाईंनी सवयीनं बाजारभर ऐकू जाईल असा आवाज काढला, आणि तो पार फाटला. तिनं हळूच त्यांच्या शर्टाला चिमुकला कॉलर माईक लावला.

"आता बोला, चाचा."

जहीरभाई ऐटीत उभे राहिले, खाकरले आणि गप्पच झाले.

"काहून थांबले?"

"बेटा, हातात काही नसलं तर शब्दच निघून नाही राहिला."

तरी आवाज साफ येतो म्हणून त्यांनी तोच घेतला. घरी माईक शर्टाला लावला आणि मुठीत बायकोचं लाटणं धरलं. मग साड्यांच्या सेलची जाहिरात झकास रंगली. शेवटी तेवढा त्यात बायकोचा, खुर्शीदबींचा आवाज आला, "लाटणं द्या आता, कणीक वाळून राहिली."

साडीवाल्यानं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. म्हणाला, "जहीरभाई, पुढच्या वेळी भाभीले जरा जास्त बोलू द्या."