ठसे झिजल्यावरचा मासा

आई कपाट उघडायची, कापडाचं टोक बाजूला करून आत डोकवायची आणि लगेच झाकून टाकायची. बाबा बोटीवर नोकरीला असताना त्यांनी जपानहून माशाचं एक चित्र आणलं होतं, लाकडी ठशांनी छापलेलं. बाबा गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "हे पहिल्या छपाईचं, म्हणजे किमती असेल. उजेडाने वाया जाईल." तेव्हा ते भिंतीवरून उतरलं आणि कापडात गुंडाळून कपाटात गेलं.

शेवटी अशा चित्रांची पारख असलेल्या मैत्रिणीकडे मी ते नेलं. आईही आली. मैत्रिणीने भिंग धरून खवले बराच वेळ पाहिले.

"पहिल्या छपाईत या रेषा केसासारख्या बारीक असतात, काकू. इथे जाड झाल्यात, शेपटीपाशी तर तुटल्यात. ठसे झिजल्यावर काढलेली ही नंतरची आवृत्ती आहे."

मला वाटलं, आई हिरमुसेल. तिने मोठा श्वास सोडला. "म्हणजे भिंतीवर लावू ना?"

"खुशाल लावा."

परतताना माझ्या मनात त्या रेषाच होत्या. किती वेळा रंग लागला असेल, किती कागद दाबले गेले असतील, तेव्हा त्या बोथट झाल्या. आठवणींचंही तसंच होत असावं. वारंवार काढून त्यांचे बारकावे जातात, मासा मात्र उमटत राहतो.

संध्याकाळी आईने चित्र जेवणाच्या टेबलासमोर टांगलं आणि निवांत खुर्चीत बसली.

"हे याला सुरमई म्हणायचे," ती हसत म्हणाली. "शेवटपर्यंत माझं ऐकलं नाही. तांबोशी आहे ही!"