पट्टा घट्ट करा

पन्हाळ्याच्या चढाला पाण्याचे कॅन घेऊन मी गाडीपाशी उभा होतो. रविवारची सकाळ. माझ्या रनिंग ग्रुपमधली माणसं खालून पळत येत होती आणि मनगटावरच्या घड्याळातून प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके माझ्या मोबाईलवर दिसत होते. अक्कांच्या नावापुढं आकडा होता १७२.

"झालं! परत बिघडलं ह्यांचं घड्याळ," मी वैतागून म्हणालो.

मी रनिंग कोच. शाळेत पीटीचा सर होतो, रिटायर झाल्यावर हा उद्योग. अक्का मार्केट यार्डाजवळ बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. पन्नाशीला टेकलेल्या, माहेर संकेश्वरकडचं, गिऱ्हाइकाशी निम्मं कन्नड बोलणार. भारी हट्टी. चार महिन्यांपूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत पळताना धापा टाकणारी बाई आता डोंगर चढत होती.

घड्याळाचं थोडं सांगतो. ते कातडीवर हिरवा उजेड टाकून ठोके मोजतं. पट्टा सैल असला की ते फसतं आणि ठोक्यांऐवजी पावलांची लय धरतं. पावलं मिनिटाला एकशे सत्तर, मग ठोकेही एकशे सत्तर. आम्ही ह्याला केडन्स लॉक म्हणतो. कुणाचाही आकडा उडाला की मी ओरडायचो, "पट्टा घट्ट करा!" बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं.

दुसरी गोष्ट प्रोग्रेसची. त्याच वेगाला ठोके कमी पडायला लागले, म्हणजे हृदय तयार होतंय. अक्कांचे १५६ वरून १४१ वर आले होते. तो ग्राफ मी दर महिन्याला ग्रुपवर टाकायचो. अक्कांनी त्याची प्रिंट काढून दुकानात लावली होती.

मी फोन लावला. "अक्का, पट्टा घट्ट करा."

"केला की! आता हाताला मुंग्या यायला लागल्यात."

थोड्या वेळानं बघतो, तर मॅपवरचा त्यांचा ठिपका थांबलेला. एक मिनिट झालं. दोन झाली. आकडा १९४.

थांबलेल्या माणसाला पावलं कुठली? मग हे ठोके कशाचे? कॅन तसेच रस्त्यावर टाकून मी गाडी खाली पळवली. वळणावर नेट गेलं, स्क्रीन कोरा झाला. घरी अक्कांच्या मालकांना काय सांगायचं, ह्याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. इतका भ्यालो होतो.

अक्का कठड्याला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. शेजारी त्यांच्याबरोबर पळणारी, बँकेत नोकरी करणारी सुजाता.

"घड्याळ खोटं बोलालंय न्हवं, कोच?" अक्का म्हणाल्या. "मी बसतो हितं जरा. मग येतो वर."

मी मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी शिलाई मशीनसारखी पळत होती, मोजताच येईना. ह्यात घड्याळाचा काही दोष नव्हता.

"गाडीत बसा."

"अवो, चढ निम्माच झालाय की!"

"अक्का, मुकाट्यानं गाडीत बसा!"

सुजाता त्यांना धरून मागं बसली. "त्यांना बोलतं ठेव," मी म्हणालो. आधी अक्का दुकानाच्या किल्ल्या कुणाकडं द्यायच्या ते सांगत होत्या. मग नुसतं "व्हय" म्हणायला लागल्या. पुढं उसाची ट्रॉली आडवी, बाजूला होईना. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. मागचा आवाज बंद झाला.

"अक्का!"

"हाय की... हितंच हाय."

ट्रॉली हलली तशी मी गाडी पुढं काढली.

हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला. डॉक्टरबाई वयानं लहान, पण शांत. "हृदयाच्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झालंय," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन देते. काही सेकंद सगळं थांबल्यासारखं वाटेल, घाबरू नका." अक्कांचं माहीत नाही, मी घाबरलो. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. देवा, एवढ्यात नको, असं मी मोठ्यानं म्हणालो म्हणे. मग रेघ उठली, पुन्हा उठली. आकडा ९६ वर आला.

"असं आधी कधी झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीनदा," अक्का म्हणाल्या. "छातीत धडधडायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. पण ते घड्याळाचं हाय. कोच म्हणालते."

डॉक्टर माझ्याकडं वळल्या. "त्या तीन दिवसांचं रेकॉर्ड दाखवा."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"काढून टाकलं. ग्राफ खराब दिसत होता म्हणून."

त्यांनी केसपेपरवर तेवढं लिहून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढं डॉक्टरांनी अक्कांच्या पायाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून शॉर्टसर्किटची ती वाट जाळून टाकली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या चालायला आल्या, नंतर हळूहळू पळायला. त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. त्यांचे मालक मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आता मी एकही आकडा काढून टाकत नाही. ग्रुपवरचे ग्राफ वेडेवाकडे दिसतात, दिसू देत. आकडा उडाला की पळणाऱ्याला जागेवर थांबवतो, नाडी बघतो आणि विचारतो, "कसं वाटतंय?" फुकटचा प्रश्न आहे. अक्कांना तो मी तिन्ही वेळा विचारला नव्हता.