डब्यातलं स्टेरॉल आणि आमच्या ह्यांची गोळी

आज मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लातुरात आमच्या गल्लीतल्या नव्या हेल्थ फूडवाल्याने ह्यांना कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायला सांगितली. मंडळी, गेल्याच वर्षी ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवलाय!

"काका, गोळ्या कामून खाऊन राहिले? ह्या डब्यात वनस्पतीचं स्टेरॉल हाय. महिन्यात रिझल्ट, गॅरंटी!"

लातुरात हल्ली कोचिंग क्लासवाले आणि हे डबे विकणारे एकाच भाषेत बोलतात. जन्मभर मुलांना गणित शिकवलेले आमचे हे घरी आले आणि गोळ्या कचऱ्यात टाकायला निघाले.

मी हात धरला आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"स्टेरॉल खोटं नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "ते दिसायला कोलेस्टेरॉलसारखंच असतं. आतड्यात त्याची जागा अडवतं, म्हणून कोलेस्टेरॉल रक्तात थोडं कमी जातं. तुमच्या करडईच्या तेलात, तिळातही थोडं असतंच. पण ते गोळीची जागा घेत नाही. गोळी चालूच ठेवा."

फोन ठेवून मी तिळाच्या चटणीकडे बघतच राहिले. एवढासा दाणा, आणि पोटात जाऊन तो कोलेस्टेरॉलची वाट अडवतो! मी कॉन्व्हेंट शाळेत असताना सिस्टरांनी पुष्कळ चमत्कार सांगितले, हा राहून गेला.

ह्यांनी गोळी माझ्यासमोर गिळली. "आता तोंड उघडून दाखवू का?" म्हणाले. दाखवायला लावलं.

तुमच्या घरी कुणी अशी गोळी सोडली नाही ना? आजच विचारा.

आणि दुकानदार महाशय, कोणत्या आधारावर गोळी बंद करायला सांगितलीत, ते शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा.